चावडीवाचन आणि सॉफ्टवेअरची चाचणी

(भंडारा येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर गणित शिकवत. उत्तर बरोबर आलं तरी शेजारी ताळा मांडलेला नसला तर ते गुण कापत, अशी तक्रार त्यांचे आज आजोबा झालेले विद्यार्थीही करतात. सॉफ्टवेअरची चाचणी हा विषय इथे कितपत चालेल, अशी शंका संयोजकांना होती. मला नव्हती. धानाची ऑनलाइन नोंदणी, ई-पीक पाहणी, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन. यांपैकी एकाही पडद्यासमोर ताटकळला नाही असा माणूस या सभागृहात सापडायचा नाही. पडद्याच्या पलीकडे काय चालतं आणि काय चालायला हवं, एवढंच मी सांगणार आहे. मागच्या रांगांमध्ये नागपूरला नोकरी करणारी आणि शनिवारी गावी परतणारी बरीच मुलं दिसतात. काही तपशील त्यांच्यासाठी आहेत. बाकीच्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

२०१७ या एकाच वर्षात महाराष्ट्रात संगणकाच्या तीन मोठ्या गोष्टी घडल्या. दोन वर्तमानपत्रांनी गाजवल्या. तिसरी गावोगावी घडली, म्हणून तिची चर्चा कमी झाली.

पहिली मुंबई विद्यापीठाची. त्या उन्हाळ्यातल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायच्या, असं विद्यापीठानं ठरवलं. उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांच्या घरात, आणि पद्धत एकाच हंगामात सगळ्या विद्याशाखांना लागू झाली. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पडद्यावर पेपर तपासणं ही कल्पना वाईट नव्हे, आज ती अनेक ठिकाणी सुरळीत चालते. पण एका विषयाच्या, एका महाविद्यालयाच्या, थोड्या उत्तरपत्रिका घेऊन आधी पूर्ण फेरी करून बघायची, स्कॅनिंगपासून गुणपत्रिकेपर्यंत, आणि मग आकडा वाढवत न्यायचा, ही साधी शिस्त घाईत पाळली गेली नाही.

दुसरी गोष्ट कर्जमाफीची. जून २०१७ मध्ये योजना जाहीर झाली, शेतकऱ्यांनी रांगा लावून ऑनलाइन अर्ज भरले, दिवाळीच्या तोंडावर काहींना प्रमाणपत्रंही वाटली. नंतर याद्या तपासताना बँकांच्या ध्यानात आलं की एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावं आहेत. यादी मागे घेऊन पुन्हा छाननी करावी लागली. इथे थोडं थांबतो, कारण आधार क्रमांक स्वतःचा ताळा सोबत घेऊन फिरतो हे फार थोड्यांना माहीत असतं. बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. याकूबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडलेली ही रीत आहे. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती हमखास सांगते की क्रमांकात गडबड आहे. शिवाय आधार क्रमांकाची सुरुवात ० किंवा १ नं होत नाही. म्हणजे आधारच्या सर्व्हरला एक शब्दही न विचारता, अर्ज भरणाऱ्या दुकानातल्या संगणकावरच कितीतरी चुका अडवता येतात. राहिला प्रश्न एकच क्रमांक दोन माणसांच्या नावे येण्याचा. तो शोधायला डेटाबेसला एका ओळीचा प्रश्न विचारावा लागतो. ही ओळ कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही लिहिता येते. ती ओळ यादी जाहीर होण्याआधी चालवायची की नंतर, एवढाच मुद्दा असतो.

तिसरी गोष्ट चावडीवाचनाची. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे हस्तलिखितावरून संगणकात चढवले होते. कुठे नावातली वेलांटी बदललेली, कुठे क्षेत्रातला शून्य सरकलेला, कुठे बोजा उतरूनही दिसतोय, कुठे इतर हक्कातलं कुळाचं नाव गळालेलं. सॉफ्टवेअरकडे या चुका पकडण्याचा काही मार्ग नव्हता. नाव म्हणून नाव बरोबर, आकडा म्हणून आकडा बरोबर. चूक होती ती माणसाच्या आणि जमिनीच्या संदर्भात. म्हणून महसूल खात्यानं त्या वर्षी गावोगावी मोहीम काढली. तलाठ्यानं संगणकातला सातबारा चावडीवर मोठ्यानं वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, आक्षेप नोंदवायचा आणि मग दुरुस्ती करायची. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा तंतोतंत जुळला पाहिजे, हा त्या मोहिमेचा शब्दच होता. सगळीकडे ती सारख्याच निष्ठेनं झाली, असं मी म्हणणार नाही. काही गावांत वाचन कागदावरच उरकलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चुका राहिल्याच, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून घ्यायला लोक अजूनही तहसीलला खेपा घालतात. तरीही त्या वर्षातल्या तिन्ही गोष्टींमध्ये हीच एक मला शहाणपणाची वाटते. कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्यापुढेच कागद वाचला गेला, हे त्यातलं मर्म.

माझ्या धंद्यातली माणसं चाचणी म्हटलं की साधनांची नावं घेऊ लागतात. हे टूल, ते फ्रेमवर्क. माझं म्हणणं असं की चाचणीची उदाहरणं गावात असतात आणि त्यांची उजळणी संगणकानं करायची असते. पहिलं काम संगणक करू शकत नाही. दुसरं काम माणूस रोज करू शकत नाही, कारण चावडी रोज भरत नाही. एकदा सगळे सातबारे जुळवले तरी दुसऱ्या दिवशी नवा फेरफार पडतो आणि तो प्रोग्रॅममधूनच जातो. प्रोग्रॅममध्येही दर महिन्याला बदल होतात. कालपर्यंत बरोबर चालणारी गोष्ट आजच्या बदलानं बिघडली, याला आमच्याकडे रिग्रेशन म्हणतात, आणि छोट्या चमूला सगळ्यात जास्त ती छळते.

छोटा चमू म्हणजे काय, ते डोळ्यांपुढे आणा. तुमसरच्या किंवा मोहाडीच्या एखाद्या खोलीत तीन पोट्टे बसलेत. एक कोड लिहितो, दुसराही लिहितो आणि फोनही उचलतो, तिसरी मुलगी पडदे रंगवते आणि बिलं काढते. राईस मिलचा हिशेब, खरेदी केंद्राची पावती, पतसंस्थेचं कर्जखातं, असली कामं ते करतात. मोठ्या कंपनीत चाचणीचा वेगळा विभाग असतो. यांच्याकडे वेगळी खुर्चीसुद्धा नाही. मग चाचणी करतं कोण? ज्यानं लिहिलं तोच दोन बटणं दाबून बघतो, चाललं म्हणतो आणि पेन ड्राइव्ह घेऊन मिलवर जातो. ज्यानं लिहिलं तो नेमक्या त्याच क्रमानं बटणं दाबतो जो क्रम लिहिताना त्याच्या डोक्यात होता. त्याला चूक दिसणार कशी?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. खरेदी केंद्रावर ग्रेडरही तेच करतो. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान काढतो, ओलावा १७ टक्क्यांच्या आत आहे का ते बघतो. ते चालतं, कारण पोत्यातलं धान एकाच बांधीतलं, एकाच उन्हात वाळलेलं. प्रोग्रॅममध्ये हे लागू पडत नाही. एक हेक्टरवाल्याचा हिशेब कोडच्या ज्या ओळींमधून जातो, त्याच ओळींमधून तीन हेक्टरवाल्याचा जात नाही. एक शीत शिजलं म्हणून शेजारचं शिजलंच, असं इथे नसतं. एड्सखर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारालाच बजावून ठेवलं होतं की चाचणी चूक असल्याचं दाखवते, चूक नसल्याची हमी देत नाही. म्हणून कोणती शितं दाबायची, हे निवडण्यातच सगळी अक्कल आहे.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी राज्य शासनानं धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली, कमाल मर्यादा दोन हेक्टर. म्हणजे जास्तीत जास्त ४०,००० रुपये. वाक्य एका ओळीचं आहे. प्रोग्रॅमही दोन-तीन ओळींचा होईल. तो तपासायला किती प्रकरणं लागतील?

एक हेक्टर टाकलं, २०,००० आले, तीन टाकले, ४०,००० आले, झाली चाचणी, असं बहुतेक जण म्हणतील. पण चुका मैदानात नसतात, धुऱ्यावर असतात. एक हेक्टर नव्व्याण्णव आर, बरोबर दोन हेक्टर, आणि दोन हेक्टर एक आर, ही तीन प्रकरणं आधी चालवा. 'पर्यंत' या अटीत दोन हेक्टर धरायचे की नाही, याची चूक लिहिणाऱ्याकडून इथेच होते. मग शून्य हेक्टर. मग अर्धा आर. मग एका शेतकऱ्याची जमीन दोन गावांत, एकीकडे सव्वा हेक्टर आणि दुसरीकडे एक. मर्यादा एकूण जमिनीला लागते की प्रत्येक सातबाऱ्याला? प्रोग्रॅमनं दोन्ही सातबारे वेगळे धरले तर त्याला ४५,००० रुपये निघतील. मग सामाईक खातं, चार भावांची नावं, प्रत्यक्ष करणारा एक. मग नोंदणी झाल्यावर खातेदार वारला आणि वारसाची नोंद व्हायची आहे. शेवटच्या दोन प्रकरणांचं उत्तर प्रोग्रॅमरकडे नसतंच. ते संस्थेच्या सचिवाला किंवा मार्केटिंग अधिकाऱ्याला विचारावं लागतं. आणि विचारल्यावर पुष्कळदा असं कळतं की नियमातच ते लिहिलेलं नाही. तिथे टेस्टरनं नियम करणाऱ्याचं काम हलकं केलेलं असतं.

आता क्षेत्र कसं टाइप होतं ते बघा. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर टिंब देऊन लिहितात. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. घाईतला ऑपरेटर टाकतो १.५, कारण तो मनात 'एक हेक्टर, पाच आर' म्हणत असतो. संगणक त्याचा अर्थ दीड हेक्टर लावतो. फरक पंचेचाळीस आरचा, रुपयांत ९,०००. कुठलीही सूचना येत नाही, लाल अक्षर दिसत नाही, कारण दीड हेक्टर हे अगदी सभ्य उत्तर आहे. उपाय सोपा आहे: हेक्टर आणि आर यांना दोन वेगळे चौकोन द्या, आणि आतमध्ये क्षेत्र चौरस मीटरमध्ये पूर्णांकात ठेवा. एका हेक्टरला दहा हजार चौरस मीटर, आराला शंभर. पैसे पैशांत ठेवा. पुष्कळ दशांश अपूर्णांक संगणकाला नेमके साठवता येत नाहीत; बहुतेक भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर ०.३ च्या पुढे सोळा-सतराव्या घरात एक ४ उगवतो. गंमत वाटते, पण 'बरोबर दोन हेक्टर' ही अट अशाच एका ४ मुळे हुकते. मिलच्या हिशेबातही हेच. केंद्र सरकारच्या नियमानं एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा. चाळीस किलोच्या कट्ट्याला ते होतात २६.८. हे पूर्णांकात आणायचं ते कट्ट्यागणिक की ट्रकमागे? कट्ट्यागणिक २७ धरले तर हजार कट्ट्यांत दोन क्विंटल तांदळाचा फरक पडतो. मिलवाल्याला हे विचारलं तर तो चहा मागवतो आणि तासभर समजावून सांगतो. प्रोग्रॅमरनं मात्र सहसा विचारलेलं नसतं.

मराठीची स्वतःची काही प्रकरणं आहेत, ती बंगळुरूच्या किंवा पुण्याच्या इंग्रजी चाचणी-यादीत सापडणार नाहीत. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला पापणीसारखा दिसणारा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एका तऱ्हेत नुक्त्याचा 'ऱ' आणि हलंत, दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाच्या लेखी ही दोन निराळी आडनावं. नोंदणी एका की-बोर्डवरून झाली आणि शोध दुसऱ्यावरून घेतला, की शेतकरी 'सापडत नाही'. समोर यादीत नाव दिसतंय, शोधात येत नाही, आणि केंद्रावरचा पोरगा म्हणतो, काका, तुमची नोंदणीच नाही. तसंच अंकांचं. कोणी ५ टाकतो, कोणी इंग्रजी पाच. काही भाषा दोन्ही समजून घेतात, काही देवनागरी अंक बघून 'हा आकडाच नव्हे' म्हणतात. कऱ्हाडे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे अशी आडनावं, अनुस्वार असलेली नावं, देवनागरी अंक, नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा, अशी पंचवीसेक नावांची एक कायमची फाइल आपल्या चमूनं करून ठेवावी. नवा पडदा केला की ती त्यातून काढावी. एवढं करणाऱ्याला पुढे फार वेळा फोन उचलावा लागत नाही.

नेटचं काय? लाखांदूर किंवा पवनीकडच्या एखाद्या गावात रेंज एक काडी असते. माणूस 'सबमिट' दाबतो, चाक फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. पुन्हा दाबतो. हे काम आपोआप घडतं, त्याला शिकवावं लागत नाही. प्रोग्रॅमनं त्या तीन दाबण्यांच्या तीन पावत्या केल्या तर?

ही कल्पित भीती नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यानं १९९९ पासून होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरात आणलं. फुजित्सू ही कंपनी ते चालवत होती. गावोगावच्या उपडाकपालांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कंत्राटाप्रमाणे तूट भरून देण्याची जबाबदारी त्यांचीच होती. अनेकांनी घर गहाण टाकून पैसे भरले, आणि २०१५ पर्यंतच्या सुमारे सोळा वर्षांत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, असं खातं न्यायालयात सांगत राहिलं. ॲलन बेट्स या उपडाकपालाच्या पुढाकारानं शेकडो जणांनी दावा लावला, २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सॉफ्टवेअरमधले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. त्या दोषांपैकी एक स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन या छोट्या गावाच्या नावानं ओळखला जातो. तिथे रोकड जमा झाल्याची खात्री करताना पडदा थिजायचा. समोरची बाई पुन्हा एंटर दाबायची. प्रत्येक दाबण्याला गुपचूप नवी नोंद व्हायची. आलेले आठ हजार पौंड चार वेळा जमा पडले आणि चोवीस हजारांची तूट तिच्या नावावर उभी राहिली.

'बटण दोनदा दाबा' ही चाचणी करायला पैसे लागत नाहीत, टूल लागत नाही. व्यवहाराला प्रोग्रॅमनं सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाची दुसरी नोंद सर्व्हरनं नाकारायची, हा उपायही जुनाच. मला या प्रकरणात आणखी एक गोष्ट खुपते. चूक खोलीत बसलेल्याची आणि शिक्षा काउंटरवर बसलेल्याला. आपल्याकडेही रोष येतो तो तलाठ्यावर, केंद्रचालकावर, सेतूतल्या मुलीवर. ज्यानं कोड लिहिला त्याचं नाव रांगेतल्या कुणाला माहीत नसतं. म्हणूनच मी चाचणीला सचोटीचा प्रश्न मानतो, कौशल्य त्याच्यानंतर.

आता मागच्या रांगेतल्या मुलांसाठी. हाताने चाचणी करणं थांबवू नका, पण प्रत्येक प्रकरण एकदा सापडलं की ते कोडमध्ये लिहून ठेवा. 'दोन हेक्टर एक आर दिले तर उत्तर चाळीस हजार आलं पाहिजे' हे वाक्य जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी झुरिकहून अमेरिकेला जाताना विमानात बसून जेयुनिट नावाचं एक छोटं साधन लिहिलं. आज जवळपास प्रत्येक भाषेत त्याचं भावंड आहे आणि सगळी फुकट आहेत. कोडमध्ये बदल केला की ही सगळी वाक्यं आपोआप चालतात आणि जे खोटं ठरेल ते लाल होतं. मिलवाल्याचा फोन आला, चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याआधी तिची चाचणी लिहा. ती लाल झालेली बघा. मग दुरुस्ती करा आणि हिरवी झालेली बघा. या क्रमात आळस केला तर तीच चूक पुढच्या हंगामात परत येते. फोन करणारा मात्र तोवर दुसऱ्याकडे गेलेला असतो. आणि लिहिणाऱ्यानं स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. तिघांच्या चमूत हे जमतं: तू माझं बघ, मी तिचं, ती तुझं.

कोडच्या किती टक्के ओळींवरून चाचणी गेली, याला कव्हरेज म्हणतात. काही साहेब लोक त्या आकड्याच्या फार प्रेमात असतात. ओळीवरून चाचणी गेली म्हणजे ओळ बरोबर आहे असं नव्हे, आणि नुसता आकडा वाढवायला लिहिलेल्या चाचण्या मी पुष्कळ बघितल्या आहेत. त्या काहीच विचारत नाहीत, फक्त फिरून येतात.

आम्ही तिघं-चौघंच, आम्हाला एवढं कसं जमणार, असा प्रश्न मला नेहमी येतो. त्याला उत्तर तुमच्या खिशात आहे. तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचे निरोप ज्या डेटाबेसमध्ये साठतात त्याचं नाव एसक्यूलाइट. ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, प्रत्येक आयफोनमध्ये आहे. रिचर्ड हिप या माणसानं ते २००० मध्ये सुरू केलं, अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करताना. आणि ते सांभाळणारा मूळ चमू आजही इतका लहान आहे की सगळे एका ऑटोत बसतील. २०२३ च्या एका आवृत्तीत मूळ कोड होता दीड लाख ओळींच्या आसपास. त्याच्या चाचण्यांच्या ओळी होत्या सव्वानऊ कोटींच्या घरात. म्हणजे एका ओळीमागे पाचशे नव्वद. सुरुवातीला असं नव्हतं. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी जी कडक पद्धत वापरतात ती हिप यांनी मध्येच लागू केली, त्यात जवळपास वर्ष घातलं, आणि त्यानंतर अँड्रॉइडवाल्यांकडून येणाऱ्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या, असं ते सांगतात. लोक हे आकडे ऐकून दचकतात. मी उलट वाचतो. एवढ्या थोड्या माणसांना एवढ्या फोनांची जबाबदारी झोपेसकट पेलायची असेल, तर त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. शंभर माणसांची कंपनी चुका दुरुस्त करायला वीस माणसं वेगळी बसवू शकते. तिघांनी ती चैन कुठून आणायची?

राईस मिलच्या प्रोग्रॅमला पाचशे नव्वद पट लागत नाही. शंभर-दीडशे चांगली प्रकरणं खूप झाली. ती कुठून आणायची, तर इथे छोट्या चमूचा एक मोठा फायदा आहे आणि तो बहुतेक जण वाया घालवतात. मोठ्या कंपनीतला टेस्टर शेतकरी कधी बघत नाही. तुम्ही खरेदी केंद्रापासून सायकलच्या अंतरावर आहात. हंगामात दोन दिवस केंद्रावर जाऊन बसा. बोलू नका, नुसतं बघा. ऑपरेटर कुठे थांबतो, कुठे कागदाच्या चिठोऱ्यावर हिशेब करतो, कोणता चौकोन तो '०' टाकून टाळतो. बहुतेक केंद्रांवर एक वही असते, तिच्यात सिस्टीमनं न घेतलेल्या गोष्टी लिहिलेल्या असतात: याचा आयएफएससी चुकला, बँकेचं विलीनीकरण झालं, याचं नाव आधारवर वेगळं, हिचा सातबारा सासऱ्याच्या नावे, याचा अंगठा उमटत नाही. या वहीइतकी चांगली चाचणी-यादी कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. तिचे फोटो काढून आणू नका, त्यात लोकांचे आधार आणि खातेक्रमांक असतात. प्रकरण तेवढं उतरवून घ्या, नाव आणि आकडे आपले बनवून टाका. खऱ्या शेतकऱ्यांचा डेटा लॅपटॉपवर घेऊन चाचणी करत फिरणारी मुलं मी बघितली आहेत. ते बेजबाबदारपणाचं आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर महागातही पडू शकतं.

नवी आवृत्ती कधी द्यायची, हाही चाचणीचाच भाग. खरेदी सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात बदल करायचे नाहीत, कितीही गोड बोलून कोणी सांगितलं तरी. आधी एका केंद्राला द्यायचं, चार दिवस जुनी पावती आणि नवी पावती शेजारी ठेवून बघायचं, मग दुसऱ्याला. आणि जुनी आवृत्ती परत कशी बसवायची, याचीही एकदा तालीम करायची.

शेवटचा मुद्दा पैशांचा, तो टाळून चालणार नाही. संस्था कोटेशन मागते तेव्हा विचारते, पडदे किती, रिपोर्ट किती, कधी देता. चाचणी किती, हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी धरत नाही, आणि मग सगळ्यात स्वस्त कोटेशनवाला चाचणी कापूनच स्वस्त झालेला असतो. इथे सहकारी संस्थांचे, मिलचे पदाधिकारी बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी करारपत्राला तुमच्या वहीतली तीस प्रकरणं जोडा, प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर तुमच्या हिशेबनिसाकडून लिहून घ्या, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. शेवटचा हप्ता ती तीसही प्रकरणं तुमच्या कार्यालयात, तुमच्या संगणकावर, तुमच्याच नेटवर चालवून दाखवल्यावर द्या. मुलांनो, तुम्हीही हे स्वतःहून मागा. दर थोडा जास्त सांगावा लागेल, एखादं काम हातचं जाईल. पण काम मिळालं तर हंगामाच्या मध्यावर 'आम्ही हे सांगितलं होतं', 'नाही, सांगितलं नव्हतं' हा वाद व्हायला जागा राहणार नाही, कारण काय सांगितलं होतं ते तीस ओळींत लिहिलेलं असेल.